व्हॅनवाला आणि सर्दी झालेला राक्षस

ते भांडण मी भिंतीतून ऐकलं. आमच्या आणि त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत एकच होती, आणि बांधणाऱ्यानं तिच्यात विटा वाचवल्या असाव्यात. पलीकडे डब्याचं झाकण उघडलं तरी साखरेचा डबा की पिठाचा, ते मला इकडे कळायचं. आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. मी भांडी लावत होते आणि पलीकडून एका बाईचा आवाज आला.

"नळ अर्धा उघडून ठेवलास आणि उठून गेलास! आता पाणी कोण थांबवणार? मी? बोटानं?"

"अगं ताई, कोपऱ्यावर एकजण सांगत होता..."

"शाळा अर्धी. सुतारकाम अर्धं. त्या कपाटाला अजून एकच दार आहे. लग्नाचं बोलायला गेलो, तर चहाचा कप अर्धा ठेवून कुठे पळालास?"

"त्यांचा कुत्रा हरवला होता. शोधायला गेलो. सापडला की."

"कुत्रा सापडला आणि बायको गेली!"

"पण पुढे काय झालं ते ऐक तरी. तो कुत्रा ना..."

मग भांडं आपटल्याचा आवाज. मी हातात पातेलं घेऊन भिंतीला कान लावून उभी. त्या कुत्र्याचं पुढे काय झालं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

हा आमचा शेजारी, व्हॅनवाला. आता तो नाही, आणि भिंतीपलीकडे फक्त ताईंच्या चपला वाजतात, म्हणून म्हटलं त्याच्याबद्दल लिहून ठेवावं. ताईंना विचारूनच लिहितेय. त्या म्हणाल्या, "लिहा. पण पुरतं लिहा. तुम्ही तरी मध्येच उठू नका."

तो बालवर्गातल्या मुलांना शाळेत ने-आण करायचा. उंच इतका की व्हॅनमध्ये बसला की गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी कानांसारखे वर यायचे. व्हॅन एके काळी पांढरी होती. तिच्यात रेडिओ होता, म्हणजे रेडिओची जागा होती. दुरुस्त करतो म्हणून त्यानं तो उघडला, आणि निम्मा रेडिओ ताईंच्या पिठाच्या डब्यामागे पडून राहिला.

माझा नातू शाळेत जायला लागला त्या वर्षी शाळेनं कळवलं की व्हॅनमध्ये मुलांसोबत एक बाई हवी. सगळ्या आया नोकरीवाल्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला दुखरे गुडघे होते, पण नोकरी नव्हती. मी मागच्या बाकावर जाऊन बसले.

पहिल्या दिवशी पोरांनी एका सुरात भोकाड पसरलं. गाणं लावावं तर रेडिओ पिठामागे. त्यात व्हॅनवाल्याला सर्दी. तो असा काही शिंकला की व्हॅन पार कडेला गेली आणि पोरं एकदम चिडीचूप. ती गप्प आहेत तोवर काहीतरी बोलायला हवं, म्हणून तो घाईघाईनं म्हणाला, "एक राक्षस होता. त्याला सर्दी झाली होती."

पुढे काय, ते त्यालाही माहीत नव्हतं. त्यानं खिसा चाचपला, रुमाल नव्हता. "आणि त्याच्याकडे रुमाल नव्हता," तो म्हणाला.

झालं. तो राक्षस वर्षभर रुमाल शोधत हिंडला. लोकांच्या चादरी झाल्या, सर्कशीचा तंबू झाला, जहाजाचं शीड झालं. एका शिंकेला एक गाव उडायचं.

व्हॅनवाल्याला मुलांची नावं लक्षात राहायची नाहीत. तो त्यांना थांब्यांवरून हाका मारायचा. माझा नातू जिना, कारण आमच्या दाराला जिना होता. पोस्टाशेजारचा मुलगा पोस्ट. पाण्याच्या टाकीखाली राहणारा टाकी, आणि त्याला ते नाव शोभायचंही, कारण त्याचे डोळे कायम वाहत असायचे. बेकरीवाल्याची मुलगी ती बेकरी. आणखी दोघं-तिघं होती, पण ती व्हॅन सुरू झाली की झोपायची.

बेकरीचं घर शाळेच्या अगदी जवळ. त्यामुळे सकाळी ती सगळ्यांत शेवटी चढायची आणि दुपारी सगळ्यांत आधी उतरायची. राक्षस कुठल्यातरी गावात शिरतोय न शिरतोय, तोच हिचं घर येई. उतरताना ती दाराला लटकून राहायची. "थांबा ना! त्यानं काय घेतलं? पडदा की सतरंजी?" आई खालून पाय ओढायची, मी वरून हात सोडवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर पाय ठेवला की तिचा पहिला प्रश्न, "काल मी उतरल्यावर काय झालं?"

व्हॅनवाल्याला काही आठवायचं नाही. नाटक नव्हतं ते. त्याला खरंच आठवायचं नाही. तो आरशात बघून विचारायचा, "काय रे, काल कुठे होतो आपण?" मग टाकी म्हणायचा, राक्षस विहिरीत पडला. जिना म्हणायचा, पडला नाही, त्यानं उडी मारली. दोघं एकमेकांच्या अंगावर जायचे.

"तू झोपला होतास! तुला काय माहीत?"

"माझा एक डोळा उघडा होता!"

शेवटी ठरायचं की आधी पडला, मग वर आला, आणि मग मजा वाटली म्हणून उडी मारली. व्हॅनवाला म्हणायचा, "हां, असंच होतं," आणि तिथून पुढे सुरू. मी हसून हसून बेजार. पण हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं, की जूनमध्ये 'पाणी' आणि 'नको' एवढ्यावर भागवणारी पोरं आता 'आधी', 'मग' आणि 'म्हणून' म्हणायला लागलीत.

रेल्वेचं फाटक लागलं की राक्षसाचा खेळ. राक्षस व्हायला सगळे तयार, रुमाल व्हायला कोणी नाही. एकदा बेकरीनं टाकीला रुमाल केलं. टाकीनं गळा काढला.

"रुमाल रडत नाही," बेकरी म्हणाली.

"रडतो! त्याला शेंबूड लागतो!"

मग बेकरी म्हणाली, "बरं. राक्षसानं पुसलं की तू 'शी' म्हण. मोठ्यानं. रुमालाला बोलायचं असतं." दुसऱ्या दिवशी रुमाल व्हायला रांग. 'शी' म्हणायला मिळतं म्हटल्यावर कोण सोडणार?

या सगळ्यात पोस्ट मात्र एक अक्षर बोलायचा नाही. साडेतीन वर्षांचा पोरगा, टपोरे डोळे, तोंडाला कुलूप. घरीसुद्धा बोटानं दाखवायचा. त्याची आई हवालदिल झालेली. वडील वजनमापं तपासणाऱ्या खात्यात साहेब. दुकानातले तराजू, दुधाची मापं, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. बेकरीवाला तर त्यांना नुसतं लांबून पाहिलं तरी आपला काटा पुसून ठेवायचा. साहेब घरीही तसेच. मुलाला म्हणायचे, "नीट बोल. जे आहे तेच बोल." आता जे आहे ते मुलानं बोटानं दाखवलंच होतं, तर तो आणखी बोलणार काय?

एकदा तापाची साथ आली. टाकी नाही, झोपणारी मंडळी नाहीत. माझा नातू माझ्या मांडीवर घोरत होता. बेकरी चढली आणि तिनं नेहमीचा प्रश्न टाकला. व्हॅनवाल्यानं आरशात पाहिलं. उत्तर द्यायला फक्त पोस्ट.

बेकरी त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाली, "तू होतास ना काल? मी नव्हते. मग सांग."

पोरगा बेकरीकडे बघत राहिला. हिला माहीत नाही, आणि आपल्याला माहीत आहे, हे त्याच्या डोक्यात त्याच क्षणी उजाडलं असावं. मी शेजारी बसून पाहत होते. अगदी दिवा लागल्यासारखे डोळे झाले.

"आजीनं पुसलं," तो म्हणाला.

व्हॅनवाल्यानं करकचून ब्रेक मारला. मागच्या टेंपोवाल्यानं आईबहिणीचा उद्धार केला.

"काय पुसलं?" बेकरी.

"नाक."

"कोणाचं?"

"राक्षसाचं."

"कशानं?"

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "काकांच्या सदऱ्यानं."

"माझ्या?" व्हॅनवाला गर्रकन वळून म्हणाला. "नव्या का जुन्या?"

"नव्या. मग काका रडले. मग पोलीस आले. आजीला धरून नेलं."

यातलं एक अक्षर आदल्या दिवशीच्या गोष्टीत नव्हतं. आदल्या दिवशी राक्षस नुसता झोपला होता. पण बेकरीला ते कुठे माहीत? तिनं माझ्याकडे वळून कडक आवाजात विचारलं, "तुम्ही सदरा का घेतलात?"

त्या संध्याकाळी मी मटार सोलत बसले होते. जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि वजनमापवाले साहेब दारात. घामाघूम, पायांत दोन वेगळ्या चपला.

"आजी! तुम्ही घरी आहात?"

"मग कुठे असणार?"

"सोडलं का त्यांनी?"

"कोणी?"

हळूहळू उलगडा झाला. मुलानं घरी गेल्या गेल्या घरच्यांसमोर पहिलं सबंध वाक्य म्हटलं होतं, ते म्हणजे 'आजीला पोलिसांनी धरून नेलं.' आई आनंदानं रडायला लागली. वडिलांनी चौकीवर जाऊन चौकशी केली. तिथल्या हवालदारानं त्यांनाच बसवून ठेवून नाव-गाव विचारलं. साहेबांना गोष्टीबद्दल सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"म्हणजे माझा मुलगा बोलायला शिकला, तो खोटं बोलायला?"

"बोलला ना पण," मी म्हटलं. "मटार खाणार का?"

त्यांनी मटार खाल्ले नाहीत. पुढच्या रविवारी आमच्याच खोलीत पालकांची बैठक भरली. साहेब उभे राहून म्हणाले, "व्हॅनमध्ये गोष्टी बंद. नाहीतर आपण सगळे मुलांना शाळेच्या मोठ्या बसमध्ये घालू." बेकरीवाल्यानं लगेच मान डोलावली. त्याचा काटा त्याच महिन्यात तपासायचा होता. टाकीची आई चाचरत म्हणाली, "पण माझा आताशा कमी रडतो," तर साहेब म्हणाले, "प्रश्न रडण्याचा नाही, खरेपणाचा आहे."

व्हॅनवाला दाराशी चौकटीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता. त्यानं आयुष्यात धरलेलं आणि मध्येच न सोडलेलं हे एकच काम होतं. त्या रात्री ताई भिंतीपलीकडे त्याला काही बोलल्या नाहीत. बैठकीत तो एवढंच म्हणाला, "बरं साहेब. तोंड उघडणार नाही. मुलं मात्र ठेवा."

सोमवारी तो खरंच गप्प. बेकरी चढली, प्रश्न विचारला. त्यानं ओठांवर बोट ठेवलं. पोरांना वाटलं, हा नवा खेळ. सगळ्यांनी ओठांवर बोटं ठेवली. ते फार तर पानवाल्याच्या दुकानापर्यंत टिकलं. मग टाकीनं हुंदका दिला, कोणीतरी कोणाचे तरी केस ओढले, डबा सांडला. मंगळवार त्याहून वाईट. बुधवारी दुपारी बेकरी पुढच्या बाकावर उलटी उभी राहिली आणि म्हणाली, "काकांना बंदी आहे. आपल्याला नाही. मी सांगते. एक राक्षस होता, त्याचं लग्न ठरलं."

मग तिचं घर आलं आणि ती उतरली. जाताना पोस्टकडे बोट करून म्हणाली, "आता तू. आणि उद्या मला सगळं सांगायचं."

आणि पोस्ट सांगायला लागला. टाकी मधे मधे विचारत होता, माझा नातू दुरुस्त्या सुचवत होता. व्हॅनवाला एक शब्द बोलत नव्हता, पण त्याचा एक कान असा मागे वळला होता की मानच वाकडी झाली होती. टाकीचा थांबा गेला. मी म्हटलं, "अहो, टाकी!" त्यानं हातानंच 'थांबा' म्हटलं. पोस्टाचा थांबा गेला. पुढे फाटक, फाटकापुढे मैदान, मैदानापुढे मी कधी न पाहिलेला रस्ता. डिझेल संपत आल्याचा दिवा लागला तेव्हा त्याला भान आलं. गाडी वळवली.

पोस्टाशेजारच्या दारात साहेब हातावरच्या घड्याळाकडे बघत उभे होते. मुलाची आई त्यांच्यामागे, डोळे सुजलेले.

"कुठे होतात?" साहेबांचा आवाज अगदी शांत होता. तोच घाबरवणारा. "पुरे झालं. उद्यापासून मुलगा येणार नाही. आणि बाकीच्यांनाही मी..."

"बाबा, मी रडत होतो," पोस्ट म्हणाला. त्यानं व्हॅनवाल्याची पँट धरली होती. "खूप रडत होतो. म्हणून काकांनी मला फिरवलं."

साहेब खाली वाकले. मुलाच्या गालांवर पाण्याचा टिपूस नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आजी, खरं आहे हे?"

मी तोंड उघडलं, पण त्याआधीच व्हॅनवाला बोलला. तीन दिवस कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "नाही साहेब, हा नाही रडला. माझंच चुकलं. मी बोललो नाही हो, देवाशपथ नाही बोललो, नुसतं ऐकत होतो. पण राक्षसाचं लग्न ठरत होतं, आता अशा वेळी मी गाडी कुठे थांबवणार?"

पोस्टनं व्हॅनवाल्याकडे असं पाहिलं, जणू आपण एवढं सांभाळून घेतोय आणि हा माणूस काय करून बसला!

"तू खोटं बोललास," साहेब मुलाला म्हणाले.

"हो."

"का?"

"तुम्ही काकांना घालवाल म्हणून." मग म्हणाला, "ते खोटं होतं. आणि राक्षसाचं गोष्टीतलं आहे. दोन्ही वेगळं आहे, बाबा."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांच्या खात्यात ग्रॅमपासून क्विंटलपर्यंत सगळी वजनं होती, पण या खोट्याला कुठलं लावावं ते त्यांना कळेना. मग घसा खाकरून, जणू एखाद्या दुकानदाराला विचारावं तसं म्हणाले, "कोणाशी ठरलं?"

"राक्षसिणीशी," मुलगा म्हणाला. "तिच्याकडे रुमाल आहे."

आधी त्याची आई हसली. मग मी. साहेब हसले नाहीत, पण त्यांचे खांदे हलत होते, ते मी पाहिलं. "चालू द्या," ते व्हॅनवाल्याला म्हणाले. "फक्त गाडी चालवताना तोंड पुढे ठेवा." आणि मुलाला उचलून आत जाता जाता विचारत होते, "मोठा आहे का पण रुमाल? माप काय?"

त्यानंतर व्हॅन कधी बंद पडली नाही. म्हणजे बंद पडायची, रस्त्यात, पण मुलांनी ढकलली की सुरू व्हायची. माझा नातू मोठा झाला, बेकरी, टाकी, सगळी गेली, त्यांच्या जागी दुसरी बेकरी आली, दुसरा पोस्ट आला. पहिला पोस्ट आता अधूनमधून मला फोन करतो. बोलायला लागला की मलाच म्हणावं लागतं, बाबा रे, मधे श्वास घे. मी गुडघ्यांमुळे व्हॅन सोडली. जाता-येता खिडकीतून हात करायची. भिंतीपलीकडची भांडणं तशीच चालू होती. कपाटाचं दुसरं दार अजूनही यायचं होतं.

त्याच्या छातीचं दुखणं त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. गेला तो शनिवारी पहाटे, झोपेत. शुक्रवारचं मला टाकीखाली राहणाऱ्या नव्या मुलीच्या आईनं सांगितलं.

सगळ्या मुलांना सोडून तो घरी आला, व्हॅन झाडताना बाकाखाली एक छोटा लाल बूट मिळाला. ताई म्हणाल्या, सोमवारी दे. तो म्हणाला, पोरगी एका पायानं कशी खेळेल? आणि व्हॅन काढून परत गेला. टाकीखालच्या घराचे जिने चढला. दार मुलीनंच उघडलं. त्यानं खाली उकिडवं बसून बूट तिच्या पायात घातला, बंद बांधला, एकदा सुटला म्हणून पुन्हा बांधला. तिच्या आईनं पाणी दिलं. ते तो उभ्या उभ्या प्यायला. मुलगी विचारत होती, "काका, हा बूट एकटा काय करत होता?" तो म्हणाला, "अगं, तो ना, बाकाखाली एका मुंगीला..." तेवढ्यात खालून भोंगा वाजायला लागला. व्हॅननं गल्ली अडवली होती. "आलो, आलो!" असं ओरडत तो जिना उतरला, भाजीच्या गाडीवाल्याला हात जोडले, आणि व्हॅन बाजूला घेतली. मुंगीचं तेवढं अर्धं राहिलं.